कुत्र्याने, मुंगसाने धरलेली कोंबडी वाचवायची तर क्रम चुकवू नका

फोन साधारण एकाच प्रकारचा येतो. "अरे मुंगसाने कोंबडी धरली, सोडवली, पाण्याने स्वच्छ धुतली, हळद भरली, पाणी पाजलं, आता मान टाकलीय, काय करू?" मी विचारतो कोंबडी आत्ता कुठंय, तर अंगणात, आणि भोवती अर्ध घर जमलेलं, पोरं बोट लावून बघतायत. म्हणजे केलं सगळं, फक्त उलट्या क्रमाने केलं. जखमेवर तुटून पडले आणि कोंबडीकडे कोणी बघितलंच नाही.

दातातून सुटलेली कोंबडी पहिल्या रात्री मरते ती बहुतेक वेळा धक्क्याने, गारठ्याने, नाहीतर घशात चुकीच्या जागी गेलेल्या पाण्याने. जखमेने मरायची वेळ नंतर येते, तिसऱ्या चौथ्या दिवशी, आणि तोवर जखमेकडे बघायला तुमच्या हातात वेळ असतो (मांजराच्या दाताची जखम सोडून, तिचं पुढे सांगतो). माझी पहिली कोंबडी मी अशीच घालवली, नळाखाली धरून चकाचक धुतली, संध्याकाळची वेळ, बाहेर पाऊस, सकाळी बघतो तर ताठ. जखम अंगठ्याएवढी होती फक्त.

खाली लिहिलंय ते त्याच क्रमाने करायचं. मधला टप्पा गाळायचा नाही आणि पुढचा आधी ओढायचा नाही.

आधीच भरून ठेवायचा डबा

कोंबडी धरली जाते ती बरेचदा पहाटे नाहीतर तिन्हीसांजेला, तेव्हा मेडिकल बंद असू शकतं. म्हणून हे सामान एका डब्यात आधीच पाहिजे, सगळं मिळून फार खर्च नाही:

- सलाइनची बाटली (साधं नॉर्मल सलाइन, एनएस लिहिलेलं, ग्लुकोजवालं नको), ५०० मिलीची एक
- २० मिलीची सिरिंज दोन, सुई काढून टाकायची
- बीटाडीनचं सोल्युशन (मलम वेगळं, सोल्युशन वेगळं)
- गॉजचे तुकडे, आणि स्वतःलाच चिकटणारं क्रेप बँडेज, जे पिसांना चिकटत नाही
- बोथट टोकाची कात्री, चिमटा, हातमोजे
- ओआरएसची पाकिटं
- एक जुना टॉवेल, गडद रंगाचा असेल तर बरा
- टॉर्च
- पुठ्ठ्याचा खोका किंवा मोठी टोपली, कोंबडी आत वळू शकेल एवढी

सलाइन नसेल तर अर्धा लिटर पाणी दहा मिनिटं उकळून त्यात चहाचा सपाट पाऊण चमचा मीठ, कोमट होईपर्यंत झाकून ठेवायचं. अंदाजाने मूठभर मीठ टाकू नका, जास्त खारट पाणी जखमेला झोंबतं आणि आतलं चांगलं मांसही खराब करतं.

आणि बल्ब. यात हमखास चूक होते म्हणून वेगळं सांगतो, ऊब द्यायला जुना पिवळा बल्ब लागतो, ४० किंवा ६० वॅटचा. एलईडी लावून लोक रात्रभर निवांत झोपतात, एलईडीने उजेड पडतो, ऊब येत नाही. जुना बल्ब आता सगळीकडे मिळत नाही, मिळाला तर दोन घेऊन ठेवा. नाही मिळाला तर प्लास्टिकच्या बाटलीत गरम पाणी भरून कपड्यात गुंडाळून चालतं, फक्त दर दोन तीन तासांनी उठून बदलावी लागते.

टप्पा १: उचलणं आणि रक्त थांबवणं

पहिल्यांदा बाकीच्या कोंबड्या कोंडा. शिकार तोंडातून सुटली की जनावर लांब जात नाही, कुंपणापलीकडे बसून असतं, आणि तुम्ही जखमीकडे बघत असताना दुसरी उचलतं. मुंगूस तर तासाभरात परत येतं.

मग टॉवेल टाकून कोंबडी उचला, पंख अंगाशी दाबलेले, दोन्ही हातांनी, पोटाखालून आधार. पाय धरून उलटी लटकवत आणायची नाही. बाजारातून आणतात तशी सवय असते हाताला, पण जखमी कोंबडीचा श्वास त्यातच अडकतो. आणि आवळूनही धरू नका. आपल्यासारखा छातीखालचा पडदा पक्ष्याला नसतो, छातीचं हाड वर खाली हललं तरच तिच्या आत हवा जाते. छाती दाबून धरली की ती तुमच्या हातातच गुदमरेल, आणि तुम्हाला वाटेल शांत झाली.

रक्त वाहत असेल तर गॉज किंवा स्वच्छ सुती कपडा ठेवून बोटाने दाबा. पाच मिनिटं घड्याळ लावून. मध्येच उचलून "थांबलं का" बघायचं नाही, बघितलं की जमलेली गुठळी निघते आणि पाच मिनिटं पहिल्यापासून. कपडा भिजला तर त्याच्यावरच दुसरा ठेवा, खालचा काढू नका. दीड किलोच्या गावरान कोंबडीच्या अंगात रक्त असतं साधारण १०० मिली, म्हणजे एक कप चहाएवढं, तेव्हा "थोडंच गेलं" हा हिशोब आपल्या अंगाच्या मापाने करू नका.

हळदीचं काय, हा प्रश्न येणारच. तुरा फाटला, नख मोडलं, वरवरचं खरचटलं तर चिमूटभर हळद किंवा मक्याचं पीठ दाबून रक्त थांबतं, चालेल. पण दाताच्या खोल भोकात हळद भरायची नाही. आत चिखल होतो, धुता येत नाही, घाण आतच कोंडते आणि नंतर डॉक्टरला जखम दिसतच नाही. चुना, राख, तंबाखू, कॉफी पावडर, सगळ्यांना हेच लागू.

> तुमच्या हाताचं: कोंबडी सोडवताना कुत्रा, मांजर किंवा मुंगूस तुम्हाला चावलं, ओरखडलं, किंवा त्याची लाळ तुमच्या हातावरच्या चिरेत गेली, तर आधी हात वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात रेबीजच्या लशीसाठी जा. कोंबडी थांबेल. हे थांबत नाही.

टप्पा २: अंधार, ऊब, आणि कोणी हात लावायचा नाही

रक्त थांबलं की थेट खोक्यात. जखम धुणं नाही, पिसं कापणं नाही, फोटो काढून ग्रुपवर टाकणं पण नाही.

खोक्यात तळाला जुना सुती कपडा. भुसा, तूस, वाळू नको, ती ओल्या जखमेला चिकटते. नुसता पेपरही नको, पाय सटकतात. बल्ब खोक्याच्या एका कोपऱ्यावर, म्हणजे गरम वाटलं तर दुसऱ्या कोपऱ्यात सरकता आलं पाहिजे. आतली हवा २८ ते ३० अंश असली की पुरे. वरून कपडा टाकून तीन बाजू अंधार करा, पण बल्बला कपडा टेकणार नाही हे दोनदा बघा, आग लागते. खोका घरात ठेवा, पडवीत नाही, पडवीत मांजर येतं आणि माशा पण.

मे महिन्यात बल्ब लावायचा का? दुपारी नाही. कोंबडी चोच उघडून धापा टाकतेय आणि पंख अंगापासून लांब धरतेय म्हणजे तिला उकडतंय, ऊब काढा. पिसं फुगवून, डोळे मिटून, मान आत ओढून बसलीय आणि पाय हाताला गार लागतायत म्हणजे गारठलीय, ऊब वाढवा. थर्मामीटर नसला तरी या दोन खुणांवर निभतं.

आता एक तास सोडून द्या. खरंच सोडून द्या, दर पाच मिनिटांनी झाकण उघडून बघणं हेसुद्धा तिच्यासाठी शिकारी जनावरच आहे.

तपासा: तासाभराने हळूच बघा. डोळे उघडलेत, मान वर आहे, आवाजाकडे वळते, पाय कोमट, तर पुढे जा. अजून मान टाकलेली असेल तर आणखी एक तास ऊब आणि फोनवर डॉक्टर.

टप्पा ३: पाणी, तेही घाई न करता

मान स्वतः धरू न शकणाऱ्या कोंबडीच्या चोचीत पाणी ओतायचं नाही. मला या सगळ्या लेखातली एकच ओळ भिंतीवर लिहायला सांगितली तर मी ही लिहीन. कोंबडीच्या जिभेच्या मागेच श्वासनळीचं तोंड असतं, उघडंच, आणि चमच्याने ओतलेलं पाणी सरळ तिथे जातं. दोन मिनिटं गुरगुरते, मग संपलं, आणि घरचे म्हणतात "पाणी पिऊन गेली बिचारी".

मान वर धरतेय ना, मग वाटीत कोमट ओआरएस समोर ठेवा (पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात, साधारण एक लिटरला एक मोठं पाकीट), तिची चोच बुडेल एवढंच. पीत नसेल तर ड्रॉपरने चोचीच्या कडेला बाहेरून एक थेंब. ती जीभ हलवून घेते, गिळते, मग दुसरा. दहा पंधरा थेंब झाले की थांबा, अर्ध्या तासाने परत. ओआरएस पहिला एक दिवस, नंतर साधं पाणी.

ब्रँडी, रम, काळा चहा यातलं काही देऊ नका. आजोबा द्यायचे हे मलाही माहीत आहे.

खाणं पहिले काही तास नाही मागितलं तर नाही. मागितलं तर भिजवलेला भरडा किंवा लेयर मॅश (अंड्याच्या कोंबड्यांचं तयार खाद्य), मऊ भात, उकडलेलं अंडं बारीक कुस्करून. अख्खे दाणे दुसऱ्या दिवसापासून.

टप्पा ४: जखम शोधणं

शोधणं म्हणतोय कारण दिसते ती जखम सहसा मोठी नसते. एक जण कोंबडी टॉवेलमध्ये धरेल, दुसरा टॉर्च घेऊन पिसं उलटी फुंकत जाईल, डोक्यापासून शेपटीपर्यंत. पिसांखाली कातडी दिसते फुंकर मारली की.

कोणी धरलं हे माहीत असेल तर कुठे शोधायचं ते कळतं. मुंगूस मानेला आणि डोक्यामागे धरतं, तिथे बारीक भोकं असतात, रक्त फार नसतं. कुत्रा पाठीवर, शेपटीजवळ धरतो आणि झटके देतो, त्यात कातडी मोज्यासारखी सुटते आणि आतून चेचलेलं असतं, बाहेरून बघितलं तर नुसती पिसं गेल्यासारखं वाटेल. मांजराचे दात सुईसारखे, भोक लगेच मिटतं, घाण आत राहते, म्हणून सगळ्यात फसवी जखम मांजराची. घार मोठ्या कोंबडीला सहसा उचलू शकत नाही पण पाठीत नखं रुतवते. आणि रात्री खुराड्यात घूस शिरली तर पायाची बोटं आणि मागची बाजू कुरतडलेली मिळते.

दात वर आणि खाली दोन्ही बाजूंनी लागतात. पाठीवर दोन भोकं मिळाली तर पोटाच्या बाजूला किंवा पंखाखाली त्यांची जोडी असणार. माझ्या एका काळ्या तलंगीच्या पंखाखालचं भोक मी बघितलंच नाही, पाठीवरची जखम छान सुकत होती, मी खूश, आणि तिसऱ्या दिवशी वास यायला लागला. पंख उचलला तर आत किडे वळवळतायत.

बघायचं ते असं: दोन्ही पंखांखाली, मांड्यांच्या आत, शेपटीखाली शौचाच्या जागेभोवती, गळ्याखालची दाण्याची पिशवी, तुऱ्याच्या मुळाशी, कानाभोवती.

थांबा, इथून पुढे घरी नाही. यातलं काही दिसलं तर धुवायला बसू नका, खोक्यात घाला आणि पशुवैद्यकीय दवाखाना गाठा, किंवा १९६२ वर फोन करा, फिरत्या पशुवैद्यकीय गाडीचा हा नंबर आहे, पैसे लागत नाहीत:

- पोटातलं आतडं बाहेर दिसतंय (ओला स्वच्छ कपडा सलाइनमध्ये भिजवून वर ठेवा, आत ढकलू नका)
- प्यालेलं पाणी किंवा दाणे गळ्याखालून बाहेर येतायत, म्हणजे पिशवी फाटलीय, टाके लागतात
- श्वासाबरोबर जखमेतून बुडबुडे येतायत
- हाड बाहेर आलंय, किंवा पाय लटकतोय
- दोन्ही पाय मागे ताणलेले आणि बोट चिमटलं तरी ओढत नाही
- दोन तासांनी पण शुद्धीवर नाही

अंगाखाली कातडी फुग्यासारखी फुगलेली आणि दाबली तर कुरकुरते, असं दुसऱ्या दिवशी दिसलं तर घाबरू नका पण डॉक्टरला दाखवा. पक्ष्याच्या अंगात हवेच्या पिशव्या असतात, त्यातली एखादी दाताने फुटली की हवा कातडीखाली येते. सुईने टोचून हवा काढायचा उद्योग यूट्यूब बघून करू नका.

वरच्या यादीतली शेवटून दुसरी खूण, पाय ओढत नाही ती, मणक्याची असू शकते. तिथे डॉक्टरला सरळ विचारा वाचेल का, आणि नाही म्हणाले तर तिला त्यांच्याकडूनच शांतपणे मोकळं करा. खोक्यात चार दिवस तडफडत ठेवणं ही माया नाही.

टप्पा ५: धुणं

आधी जखमेभोवतीची पिसं कात्रीने कापायची, कातडीपासून अर्धा सेंटिमीटर वर. उपटायची नाहीत. कातडी कागदासारखी पातळ असते, पिसाबरोबर फाटत जाते, आणि नवीन येणाऱ्या कोंबात रक्त असतं. कापताना जखमेत पिसांचे तुकडे पडतात म्हणून आत ओलं गॉज ठेवून मग कापा.

सिरिंजमध्ये कोमट सलाइन भरून जखमेवर तिरकी धार मारा. भरपूर. चार पाच सिरिंज कमीच, एका जखमेला १०० मिली गेलं तरी चालेल. कापसाने घासू नका, कापसाचे धागे राहतात. भोक छातीच्या फासळ्यांवर किंवा पोटावर असेल तर सिरिंजचं टोक आत घालून धार मारायची नाही, पाणी थेट हवेच्या पिशवीत जाऊन कोंबडी कोरड्या जमिनीवर बुडते. तिथे फक्त वरून वाहू द्या.

सलाइन झालं की बीटाडीन, पण पातळ करून. १० टक्क्यांचं असेल तर एक भाग औषध, दहा भाग पाणी, ५ टक्क्यांचं असेल तर एकाला पाच. रंग फिक्या कोऱ्या चहासारखा दिसला पाहिजे. बाटलीतून थेट गडद ओतलं तर नवीन येणारं मांस मरतं आणि जखम भरायला दुप्पट दिवस घेते. डेटॉल, स्पिरिट, फिनेल, रॉकेल नाहीच. हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस बघून समाधान वाटतं म्हणून लोक रोज ओततात, तो फेस चांगल्या मांसाचाही असतो.

सगळी कोंबडी भिजवायची नाही, जखम सोडून बाकीचं अंग कोरडं राहिलं पाहिजे. भिजलंच तर टॉवेलने टिपून परत बल्बखाली.

टप्पा ६: लावायचं काय, बांधायचं काय

दाताची भोकं शिवायची नाहीत, फेविक्विकने चिकटवायची तर अजिबात नाहीत (हसू नका, मी बघितलंय). भोक वरून बंद झालं की आत घाण पिकते. कोंबडीचं मांस तळापासून वर भरत येतं, तळहाताएवढी कातडी गेलेली कोंबडीसुद्धा न शिवता भरते, फक्त महिना दीड महिना लागतो. मोठी कातडी ताजी ताजी लोंबत असेल तर मात्र डॉक्टर ठरवेल.

भोकावर काही न लावता उघडं ठेवलं तरी चालतं, घर माशांपासून लांब असेल तर. उघड्या मोठ्या जखमेवर सिल्व्हर सल्फाडायझिनचं किंवा सोफ्रामायसिनसारखं साधं अँटिबायोटिक मलम, पातळ थर. ट्यूबवर लिग्नोकेन किंवा बेन्झोकेन लिहिलेलं असेल तर ते नको, दुखणं बधिर करणारी ही औषधं एवढ्याशा जीवाला पटकन जास्त होतात. आणि खाज, पुरळ यांची स्टिरॉइडवाली मलमं घरात पडलेली असतात, ती पण नकोत. मलम थापून थापून लावू नका, पिसं तेलकट झाली की अंगाची ऊब राहत नाही.

पट्टी शक्यतो नाही. लागलीच, समजा मोडलेला पंख लटकतोय, तर पंख नैसर्गिक घडीत मिटून क्रेप बँडेज इंग्रजी आठाच्या आकड्यासारखं पंखालाच गुंडाळा आणि दवाखान्यात न्या. पट्टी छातीभोवती न्यावीच लागली तर खाली एक बोट सहज गेलं पाहिजे. बांधून झाल्यावर दोन मिनिटं बघत बसा, श्वासाला चोच उघडायला लागली तर लगेच सोडा. पिसांवर चिकटपट्टी लावू नका, काढताना कातडीसकट येते.

टप्पा ७: माशा

जून ते ऑक्टोबर हा टप्पा सगळ्यात महत्त्वाचा. ओल्या जखमेवर माशीने अंडी घातली की एका दिवसात किडे होतात. म्हणून खोक्यावर मच्छरदाणीचा तुकडा, जखमी कोंबडी दिवसासुद्धा जाळीतच, खालचा कपडा दिवसातून दोनदा बदलायचा, शेपटीखाली शीट चिकटली तर कोमट पाण्याने तेवढंच पुसायचं. अंडी म्हणजे तांदळाच्या बारीक कणीसारखे पांढरे पुंजके, पिसांच्या मुळाशी असतात, दिसले की ती पिसंच कापून टाका.

माशा हाकलणारा स्प्रे गुरांच्या औषधांच्या दुकानात मिळतो, तो जखमेच्या कडेने, तोंडापासून लांब आणि कोंबडीला चालतो का ते दुकानदाराला नाही तर डॉक्टरला विचारून.

किडे पडलेच तर चिमट्याने एकेक काढा, सलाइनची धार मारा, टॉर्च लावून परत बघा, ते उजेडापासून आत पळतात. सहा तासांनी पुन्हा, कारण पहिल्या वेळेला सगळे निघत नाहीतच. टर्पेंटाइन, पेट्रोल, डांबरगोळीची पूड, सीताफळाच्या पाल्याचा रस, हे सगळं बैलाच्या खांद्यावर बघितलेलं असतं आपण, पण बैल चारशे किलोचा आणि ही दीड किलोची. सीताफळाच्या बियांची पूड डोळ्यात गेली तर डोळ्याला मोठी इजा होते, तिच्याही आणि तुमच्याही. किडे खोलवर गेले असतील तर डॉक्टर.

टप्पा ८: गोळ्या आणि इंजेक्शन

कुत्र्या मांजराच्या दाताची जखम म्हणजे अँटिबायोटिक लागणारच असं धरा, आणि ते पहिल्याच दिवशी, डॉक्टरने वजन करून सांगितलेलं. मांजराच्या तोंडातले जंतू पक्ष्याला एक दोन दिवसात संपवतात, जखम टाचणीएवढी असली तरी. घरात उरलेली कॅप्सूल अर्धी करून पाण्यात कालवणं हा उपचार नाही, जखमी कोंबडी किती पाणी पिते हेच माहीत नसतं.

दुखण्यावरची आपली गोळी तर देऊच नका. डायक्लोफेनॅक पक्ष्यांच्या मूत्रपिंडावर जातं, हेच औषध दिलेली गुरं मेल्यावर ती खाऊन आपल्याकडची गिधाडं संपत आली आणि २००६ मध्ये सरकारने ते जनावरांसाठी बंद केलं. पक्ष्याला चालणारं दुखणं कमी करणारं औषध डॉक्टरकडे असतं.

औषध चालू आहे तोवर आणि डॉक्टर सांगतील तेवढे दिवस नंतर, अंडी खायची नाहीत, विकायची पण नाहीत. कोंबडी दगावली तर तिचं मटण करायचं नाही, भरपूर औषध गेलंय तिच्यात, आणि उकिरड्यावर टाकायची नाही. चुना टाकून खोल पुरा, नाहीतर त्याच वासावर कुत्रा उद्या परत.

टप्पा ९: पुढचे दहा पंधरा दिवस

पहिले तीन दिवस सकाळ संध्याकाळ धुणं आणि बघणं, मग दिवसातून एकदा, खपली कोरडी धरली की हात लावणं बंद. खपली ओढून काढू नका.

दोन गोष्टींनी लोक उगाच घाबरतात किंवा उगाच निवांत राहतात. एक, दुसऱ्या तिसऱ्या दिवशी मार लागलेला भाग हिरवा होतो, चांगला पोपटी हिरवा. घरचे म्हणतात सडलं. पक्ष्यांचा मुका मार हिरवाच होतो, आपला काळानिळा होतो तसा. वास नाही, भाग गरम नाही, कोंबडी खातेय, तर ते बरं होतंय. दोन, पक्ष्याचा पू वाहत नाही. तो चीजसारखा घट्ट पिवळा गोळा होऊन कातडीखाली बसतो, म्हणून "पू नाही, म्हणजे ठीक आहे" असं समजू नका. कडक गाठ लागली, जखमेला वास आला, कडा काळ्या पडल्या, तर डॉक्टर.

शीट बघत जा. हिरवी पातळ आणि पांढरा भाग जास्त, म्हणजे पोटात काही जात नाहीये. रात्री गळ्याखालची पिशवी चाचपा, भरलेली पाहिजे, सकाळी रिकामी. चोवीस तास काहीच खाल्लं नाही तर थांबू नका, नळीने खाणं देता येतं पण ते डॉक्टरने एकदा दाखवल्याशिवाय करू नका. मान पिळवटून उलटी जात असेल आणि मानेला जखमच नसेल तर ते दाताचं नाही, रानीखेत (कोंबड्यांचा साथीचा रोग) असू शकतो, मग बाकीच्या कोंबड्या लगेच वेगळ्या.

अंडी बंद होतील, काही आठवडे. पिसंही झडतील कदाचित. घाईने लाइट लावून अंड्यावर आणू नका. पण शेपटीकडून धरलेली कोंबडी सारखी कुंथतेय, पोट ताणलंय, चाल पेंग्विनसारखी झालीय तर आत अंडं फुटलेलं असू शकतं, हे घरी निस्तरत नाही.

टप्पा १०: परत बाकीच्यांत

इथे शेवटच्या पायरीवर घोळ होतो. कोंबडी टुणटुणीत झाली, खोक्यात ओरडतेय, म्हणून लोक सकाळी अंगणात सोडतात, आणि तिच्याच बहिणी तिला टोचून टोचून परत फाडतात. लाल दिसलं की कोंबडी टोचते, त्यात मैत्री वगैरे बघत नाही. उघडी लाल कातडी पूर्ण झाकली गेल्याशिवाय, म्हणजे खपली पडून खाली गुलाबी कोरडी कातडी किंवा पिसांचे कोंब आल्याशिवाय सोडायची नाही.

सोडायच्या आधी आठवडाभर तिला जाळीच्या पिंजऱ्यात बाकीच्यांच्या शेजारी ठेवा, एकमेकींना दिसतील पण चोच पोचणार नाही. दाणा एकाच वेळी दोन्हीकडे. मग एक दिवस अंधार पडल्यावर बाकीच्या झोपल्या की तिला हळूच दांडीवर त्यांच्यात बसवा, सकाळी उठताना सगळ्या एकत्रच उठतात. दुसऱ्या दिवशी सुट्टी असेल असा दिवस निवडा, दोन तास बघत बसावं लागतं. दोन ठिकाणी दाणा, दोन ठिकाणी पाणी ठेवा म्हणजे एकीने हाकललं तरी ती उपाशी राहत नाही. एकच दांडगी कोंबडी सारखी मारत असेल तर जखमीला परत वेगळी करण्यापेक्षा त्या दांडगीलाच तीन चार दिवस वेगळं ठेवा, परत आल्यावर तिचाच तोरा उतरलेला असतो.

आणि तिला सोडायच्या आधी खुराडं नीट करा. षटकोनी पातळ जाळी कोंबडीला आत ठेवते, कुत्र्याला बाहेर ठेवत नाही, तो दाताने फाडतो. अर्ध्या इंची वेल्डमेश लावा, खालून एक फूट जमिनीत पुरा किंवा बाहेरच्या बाजूला आडवी पसरून वर दगड ठेवा, मुंगूस आणि घूस खणून येतात. दाराला नुसती फिरती लाकडी पट्टी नको, वर आणि खाली दोन कड्या. दोन बोटं जाईल एवढी फट असेल तर तिथून मुंगूस येतं असंच समजा. विष किंवा फास मात्र लावू नका, मुंगूस आणि रानमांजराला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, आणि विष खाल्लेला उंदीर पहिल्यांदा तुमचीच कोंबडी उचलते.